सोसायटीतला पेंडवाला

घाटनांदुरात सोसायटीच्या दुकानावर पेंड देणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटायची. पोत्याला नुसता हात लावला तरी तो वसकन अंगावर यायचा. दुष्काळात पेंड दुसरीकडं मिळत नव्हती, म्हणून मी मान खाली घालून उभी राहायचे.

एकदा पेंड घेऊन घरी आले, तर तासाभरात तोच सायकलवर दारात आला. न विचारता गोठ्यात शिरून त्यानं म्हशीपुढची पाटी ओढली.

"बुरशी हाय यात. किती खाल्ली?"

"दोन-चार घास."

"रवंथ करती का बघत बसा. करायला लागली म्हंजे धोका टळला. मला अजून चार घरं गाठायचीत."

त्याचा आवाज कापत होता. मी म्हशीजवळच बसून राहिले. दिवेलागणीला तिचा जबडा हलला.