मागे बसणाऱ्याचं पेट्रोल

सुहास नेवासकर सरांचं वजन एकशे चार किलो आहे, हे चिंचखांडमधलं शेंबडं पोरही सांगेल. ते खरं नाही. खरं वजन ब्याण्णव. वरचे बारा किलो माझे. कांद्याच्या शेडमधल्या काट्यावर मी बसतो, आणि सर काट्यावर चढले तेव्हा मागच्या कोपऱ्यात सुकवलेल्या कांद्याची एक छोटी गोणी तशीच राहून गेली होती. ती सरांच्या अंगाआड झाकली गेली, यात सरांचाही थोडा हातभार होता. आकडा मी मोठ्यानं वाचला. शेडभर हशा झाला. गोणी माझ्या ध्यानात आली तोवर सर बूट घालून, कुणाकडेही न बघता, शाळेच्या रस्त्याला लागले होते. मागं पळत जाऊन सांगता आलं असतं. पण पुढं ट्रॅक्टर उभा होता, आणि शेडला एवढं हसू बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्यांचं नाव क्विंटल सर.

त्यांना काट्यावर चढवलं होतं अजिनाथ म्हस्के सरांनी. हे त्याच शाळेतले दुसरे शिक्षक. अंगानं काटकुळे, जिभेनं तिखट. नेवासकर आणि म्हस्के हे एकमेकांचे पार्टनर होते. म्हणजे दोघं नगरला सावेडीत राहायचे आणि एका मोटारसायकलवरून रोज शाळेला यायचे. हिवरे बाजार बघायला परगावच्या बसा भरून येतात; त्याच अंगाला आणखी आत असलेल्या चिंचखांडला मात्र एसटी येत नाही. तेव्हा मोटारसायकलच.

आता, शिक्षकांनी शाळेच्या गावातच राहायचं असा नियम. आमची ग्रामसभा दरवर्षी ठराव करून देते की दोन्ही गुरुजी गावात मुक्कामी आहेत. सकाळी ते कुठून येतात हे साऱ्या गावाला माहीत. फक्त कागदाला माहीत नव्हतं. कुणी तोंडानं बोलत नव्हतं, तोवर सगळ्यांचं बरं चाललं होतं.

नेवासकर सरांना हे बरं चालणं जिवापेक्षा प्यारं होतं. नोकरीची पहिली सहा वर्षं त्यांनी भंडारदऱ्याच्या मागं एका डोंगरावरच्या खोलीत काढली होती. स्टोव्हवरची खिचडी, उंदरांनी कुरतडलेले पायमोजे आणि चार महिने न वाळणारे टॉवेल. त्यांची अनन्या पहिलं पाऊल टाकायला शिकली ते त्यांनी फोनवर ऐकलं. पाऊल ऐकू येत नाही, म्हणून सरोजिनीबाईंनी तिच्या पायात पैंजण घालून तिला फोनजवळून चालवलं. बदली होऊन नगरजवळ आल्यावर सरांनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली: रोज रात्री पाठ टेकायची ती घरच्या गादीवर. अनन्या आता दहावीला होती. तिची भूमिती ते रोज संध्याकाळी घेत. ती सोडून त्यांना आयुष्याकडून फार काही नको होतं.

भांडण लागलं ते या पार्टनरशिपच्या नियमावरून. दोघांच्या गाड्या सारख्या. एकाच दसऱ्याला, एकाच शोरूममधून घेतलेल्या, जुन्या कार्बोरेटरच्या शंभर सीसी. सोम-बुध-शुक्र नेवासकरांची गाडी, मंगळ-गुरू-शनि म्हस्क्यांची. आणि नियम असा की, ज्याची गाडी त्यानं मागं आरामात बसायचं. गाडी चालवायची दुसऱ्यानं. पेट्रोल एकाचं, तर कष्ट दुसऱ्याचे. नेप्ती नाक्यावर चहा पिताना हे ठरलं तेव्हा दोघांनाही आपण फार शहाणपणाचं काही केलं असं वाटलं होतं.

वर्षभरात दोन्ही गाड्यांचा ॲव्हरेज पासष्टवरून पन्नासच्या खाली उतरला. म्हस्के सरांनी प्लग बदलला, चेन घट्ट केली, हवा तपासली, आणि शेवटी मागे वळून नेवासकर सरांच्या पोटाकडे बघितलं.

“सर, जरा श्वास सोडून बसत जा,” ते म्हणाले. “टायर रडतंय माझं.”

आपल्या गाडीवर आपणच मागं बसतो आणि नेवासकर पुढं असतात, हे म्हस्क्यांना तेव्हा आठवलं नाही. नेवासकर सरांनाही नाही. त्यांनी उलट म्हस्क्यांचं मनगट काढलं. या माणसाला ॲक्सिलेटर पिळायचाच माहीत आहे, सोडायचा माहीत नाही, हे ते स्टाफरूममध्ये बोलले. स्टाफरूममध्ये हे दोघेच बसायचे, त्यामुळे ते थेट ज्याला ऐकवायचं त्यालाच ऐकू गेलं. गतिरोधक दिसला तरी पिळतो, मग करकचून ब्रेक, मग पहिल्या गिअरमध्ये बोंबाबोंब. चढाला अर्धा क्लच दाबून ठेवतो. उताराला तरी हात ढिला सोडेल? नाही. मास्तरकी नसती मिळाली तर हा वडापची जीप चालवताना दिसला असता.

म्हस्के म्हणाले, वडापवाला माणशी भाडं घेतो हे तुमचं नशीब समजा, किलोवर घेत नाही.

मग काटा झाला. एकशे चार. म्हस्क्यांचे एकसष्ट. त्या आकड्यावर म्हस्क्यांनी नवा हिशेब मांडला, की आठवड्यातले चार दिवस नेवासकरांची गाडी आणि दोनच दिवस आपली. नेवासकरांनी तो धुडकावला. एकदा ते शाळा सुटल्यावर एकटेच शेडला आले आणि परत वजन करू का, असं हळूच विचारलं. काटा दुरुस्तीला द्यायचाय, असं मी सांगितलं. ते काट्याकडे बघत राहिले आणि निघून गेले.

पुढं त्यांचं बोलणंच बंद झालं. तीस किलोमीटर जायचं, तीस यायचं, एका सीटवर, आणि शब्द नाही. मधे नेवासकर सर डब्याची पिशवी ठेवायचे. एरवी ती हॅण्डलला असायची. आता तिची भिंत झाली. गतिरोधकावर म्हस्के मुद्दाम गाडी उडवायचे आणि पिशवीतली आमटी नेवासकरांच्या शर्टावर यायची. दुसऱ्या दिवशी नेवासकर पुढं असले की प्रत्येक खड्डा शोधून काढायचे. म्हस्क्यांच्या मणक्यात गॅप आहे हे त्यांना माहीत होतं. रस्त्यातल्या डेअरीवर उभी असलेली माणसं सांगायची, या दोन गुरुजींना एकाच गाडीवर बघितलं की कुणीतरी कुणालातरी पोलीस ठाण्यात घेऊन चाललंय असं वाटतं.

घरी सरोजिनीबाईंनी शर्टावरचा आमटीचा डाग धुताना एवढंच विचारलं, “तुम्ही पुढं आणि ते मागं, किंवा ते पुढं आणि तुम्ही मागं. गाडीवरचं वजन बदलतं का हो? पोरांना बेरीज तुम्हीच शिकवता ना?”

सर म्हणाले, प्रश्न वजनाचा नाही, वृत्तीचा आहे. मग वजन कशाला मोजलंत, असं अनन्या आतून म्हणाली. सरांनी तिला प्रमेय बावीस काढायला सांगितलं. पण रात्री त्यांना झोप लागली नाही. वजन दोन्ही दिवशी सारखं, तर दोष हाताचा. म्हणजे म्हस्क्यांचाच. हे गावासमोर सिद्ध करायचं, म्हणजे ते क्विंटलचं नाव पुसलं जाईल. सरोजिनीबाईंनी बजावलं की जे काय करायचं ते नगरमध्ये करा, गावात तमाशा नको, गाव आपलं झाकून घेतंय. पण नाव पडलं होतं गावात. नगरमध्ये जिंकून काय उपयोग?

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं. ग्रामसभेला वेळ होता, त्यामुळे सारा गाव शाळेच्या पटांगणातच रेंगाळलेला. झेंड्याची तयारी एकाकडे आणि जिलेबी आणायची दुसऱ्याकडे, म्हणून त्या दिवशी दोघं आपापल्या गाडीवर आले होते. नेवासकर सरांनी आपली गाडी मधोमध आणून उभी केली. टाकीची नळी काढली. हॅण्डलला पाण्याची रिकामी बाटली उलटी टांगून तिची नळी कार्बोरेटरला जोडली, आणि जाहीर केलं: पाव लिटर पेट्रोल, गाडीवर दोघंही, आधी म्हस्के सर चालवतील, मग मी. वेशीपासून फाट्यापर्यंत फेऱ्या मारायच्या आणि गाडी कुठं बंद पडते ते बघायचं. नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याचं पेट्रोल. पहिली बाटली नेवासकरांच्या टाकीतली, दुसरी म्हस्क्यांच्या.

म्हस्के हातातली जिलेबी संपवून, बोटं पुसून पुढं आले. “चला सर,” ते म्हणाले. “आज तुमचं कीर्तन संपवूनच टाकू.”

पंच म्हणून दुधाच्या टेम्पोत पाच-सहा माणसं मागं निघाली. सरपंच पुष्पावतीबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. या बाई गावाला हिवरे बाजारच्या पंगतीत बसवायच्या जिद्दीनं पेटलेल्या, पण आवाज कधी चढायचा नाही.

आणि म्हस्के सरांनी गाडी अशी चालवली, की टेम्पोतल्या माणसांना जांभया आल्या. चाळीसच्या वर काटा नाही. उताराला हात मोकळा. गतिरोधक दिसला की शंभर हात आधीच वेग सोडलेला. मागं बसलेले नेवासकर सर हादरले. हा माणूस असं चालवू शकतो? मग रोज का नाही चालवत? गाडी फेऱ्या मारत राहिली आणि पाणलोटाच्या हिरव्या बोर्डापाशी घरघरून थांबली.

आता नेवासकर सर. बाटली भरली. डब्याची पिशवी आज मधे नव्हती. म्हस्क्यांचे गुडघे दोन्ही बाजूंनी टोचत होते. सरांनी लवकर वरचा गिअर टाकला, श्वासासारखा हात सोडला-धरला. गाडी एका सुरात गुणगुणायला लागली. हा सूर त्यांनी म्हस्क्यांच्या गाडीवर कधी ऐकला नव्हता. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी पुढं तेच असायचे. भाळवणीच्या सरळ रस्त्यावर काटा ऐंशीला टेकवायचे, कारण घरी आमटी गरम असायची, अनन्या पुस्तक उघडून बसलेली असायची, आणि पेट्रोल आपलं नसायचं.

गाडी त्याच हिरव्या बोर्डापाशी बंद पडली. म्हस्क्यांच्या जागेपासून चार पावलं अलीकडं.

टेम्पोतली माणसं खाली उतरली. एकाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो बोर्डाला टेकून हसायला लागला. हसणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. शिकलेली माणसं हायत बाबा, कुणीतरी म्हणालं, येकमेकाचं जाळत्यात आन दोगंबी थंडीनं मरत्यात. म्हस्के सर तोंड फिरवून आभाळाकडं बघायला लागले. तेवढ्यावर थांबलं असतं तर सगळं निभावलं असतं.

पण पुष्पावतीबाई सहज म्हणाल्या, की एवढ्याशा पेट्रोलात गाडी लई लांब गेली की. आणि नेवासकर सरांना ती चार पावलं झोंबत होती. चार पावलांनी का होईना, ते हरले होते. ते तावातावानं म्हणाले, “हे काहीच नाही, ताई. रोज साठ किलोमीटर या माणसाबरोबर ये-जा करून बघा, मग कळेल तुम्हाला.”

हसणं जागच्या जागी विरलं.

“रोज?” पुष्पावतीबाईंनी विचारलं. “कुठून येता, सर?”

म्हस्क्यांनी डोळे मिटून घेतले. नेवासकर सरांनी तोंड उघडलं, पण सावेडी सोडून दुसरं कुठलंच नाव तिथं आलं नाही, म्हणून ते परत मिटलं. टेम्पोत ठरावाचा कागद लिहिणारे ग्रामसेवक होते. झाकायचं म्हटलं तरी आता सहा जणांनी ऐकलं होतं, आणि बाईंना हिवरे बाजारच्या पंगतीत बसायचं होतं.

त्याच दुपारच्या ग्रामसभेत ठराव झाला. या वेळी खरा. गावानं डेअरीमागची एक खोली रंग मारून दिली. एकच खोली; दुसरी नव्हती. त्या बोर्डापासून गावात परत येताना नेवासकर सरांच्या गाडीवर ते दोघं कसे बसले, काय बोलले, कुणाला माहीत नाही. सरोजिनीबाईंना नेवासकरांनी काय सांगितलं तेही कळलं नाही. आठवड्यानं त्यांची गादी टेम्पोतून आली. दोरी बांधून गुंडाळलेली, कापसाची, घरचीच.

आता अनन्याची भूमिती फोनवर चालते. आकृती ऐकू येत नाही, म्हणून सर ओरडून समजावतात, आणि दोन हातांवर झोपलेले म्हस्के उशीखाली डोकं घालून म्हणतात, की त्रिकोण आम्हालाही समजला, आता पोरीला सोडा. सर आणखी मोठ्यानं समजावतात. स्टोव्ह म्हस्क्यांचा, खिचडी नेवासकरांची, आणि रॉकेल भसाभस जाळण्यावरून दोघांचं रोज वाजतं. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन गाड्या सुटतात, एकामागं एक, प्रत्येकावर एकच माणूस. दोघांचाही ॲव्हरेज आता पासष्टच्या वर आहे. तो एकमेकांना सांगायची मात्र सोय नाही.

सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या बाटलीतलं पाव लिटर म्हस्क्यांच्या टाकीतून आलं होतं. खेळ नेवासकरांनी मांडला, म्हणून ते त्यांनी भरून द्यावं, असं म्हस्क्यांचं म्हणणं. जळलं दोघांना वाहताना, त्यामुळं निम्मंच देईन, आणि तेही म्हस्क्यांनी आधी मागितलं तर, हे नेवासकरांचं. म्हस्के मागत नाहीत. त्यांनी ती रिकामी बाटली खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. नेवासकर सर रोज आंघोळ करून येतात, बाटलीकडे एकदा बघतात, आणि ओला टॉवेल त्याच खिळ्यावर, तिच्यावरून पसरून टाकतात.