चर्चच्या झाडांना गेरू

फोन फादरचा होता. फादर म्हणजे आमच्या मुलीच्या, ईशाच्या शाळेचे आणि त्या शाळेला लागून असलेल्या चर्चचे प्रमुख. मी सनीव्हेलच्या ऑफिसात एका न संपणाऱ्या मीटिंगमध्ये होतो. "प्रशांत, हेडमास्टर अजून आले नाहीत," ते म्हणाले. हेडमास्टर म्हणजे माझे सासरे, अण्णा. शाळेच्या सल्लागार मंडळाची संध्याकाळची सभा होती, आणि अण्णा सभेला कधी उशिरा जात नसत. उलट कुलूप उघडायच्या आधीच पायऱ्यांवर जाऊन उभे राहत आणि किल्ली घेऊन येणाऱ्याला घड्याळ दाखवत. ट्रॅफिकला शिव्या घालत मी फ्रीमाँटला घरी पोचलो. अण्णा दारापाशीच्या खुर्चीत बसले होते. पॉलिश केलेले बूट, गळ्यात टाय, डोळा लागल्यासारखी मान कललेली... डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्याच गेले, त्यांना काही कळलंही नसेल. माझी बायको सुषमा त्यांच्या टायची गाठ सैल करत रडत होती, आणि मध्येच म्हणाली, "अरे, कुणीतरी फादरना कळवा. कोरमसाठी थांबले असतील ते." मला त्या क्षणी हसू आलं. अण्णांच्या बाबतीत नको तिथे हसू येणं नेहमीचंच होतं.

अण्णा नगरला मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते. शाळा फार पूर्वी अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेली, चालवणार मिशन, शिक्षकांचे पगार देणार सरकार, आणि दोघांच्या मध्ये उभे अण्णा. जगातल्या माणसांचे त्यांनी तीन प्रकार केले होते : अनुदानित शाळेत शिकलेली, विनाअनुदानित शाळेत शिकलेली आणि सरकारी शाळेत शिकलेली. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, शाळा अनुदानित होती का ते विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यावर ते सुषमाच्या आईकडे वळून म्हणाले, "मुलगा बरा दिसतो, पण चौकस नाही." पुढे ईशाच्या शाळेची वेळ आली तेव्हा त्यांनी नगरहून फोनवर हुकूम सोडला : मिशनची शाळा असेल तर तिथेच घाला. फ्रीमाँटच्या चांगल्या फुकट शाळा सोडून आम्ही मुलीला फी भरून चर्चच्या शाळेत घातलं, तेव्हा सगळ्या मराठी मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं.

सासूबाई गेल्यानंतर, २००३च्या उन्हाळ्यात, अण्णा आमच्याकडे अमेरिकेत कायमचे राहायला आले. पहिले दोन महिने फार वाईट गेले. खिडकीशी बसून राहायचे. कुणी त्यांना "सर" म्हणत नव्हतं, कुणी उठून उभं राहत नव्हतं, आणि आपण इथे कशाला आलो हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. शेवटी मी त्यांना ईशाची शाळा दाखवायला नेलं. तिथल्या मुख्याध्यापिका, एक वयस्क सिस्टर, हात पुढे करून आल्या. अण्णांनी नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ग्रँट किती टक्के?"

"कसली ग्रँट?"

"सरकारची. पगारासाठी."

सिस्टर म्हणाल्या, "या देशात सरकार चर्चच्या शाळेला पगारासाठी एक पैसा देत नाही. फी, देणग्या आणि शाळेच्या जत्रेत विकलेले पदार्थ यांवर आमचं चालतं." अण्णा माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे नगरला येऊन शाळा काढली यांनी, ग्रँट घेतली आमच्या सरकारची, आणि घरी यांना कुणी विचारत नाही?" मग त्यांनी तपासणी कोण करतं ते विचारलं. सरकार करत नाही, हे ऐकल्यावर त्यांना बसायला खुर्ची लागली. "मग शाळा चांगली आहे हे ठरवतं कोण?" सिस्टर म्हणाल्या, "पालक. आणि देव." अण्णा मराठीत पुटपुटले, "दोघंही शेरेबुकात लिहीत नाहीत." पण वर्गावर्गांतून हिंडताना त्यांची मान ताठ होत गेली. एका वर्गात मुलं उभी राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. त्या दिवशी घरी आल्यावर ते पोटभर जेवले.

वर्षभरात ते सल्लागार मंडळावर आजी-आजोबांचे प्रतिनिधी म्हणून जाऊन बसले. तिथे त्यांना दुसरा धक्का बसला. मंडळ फक्त सल्ला देतं, ठरवतात फादर एकटे, आणि त्यांच्याही वर बिशपचं ऑफिस. "ठराव बहुमताने पास झाला, आणि तो माणूस म्हणतो 'थँक यू, आय विल प्रे ऑन इट'! अहो प्रशांतराव, ही काय घटना झाली?" असं म्हणत ते घरात येरझारा घालायचे. पण सभा एकही चुकवायचे नाहीत. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायची पद्धत त्यांनी तिथे लावली, आणि मेक्सिकन, फिलिपिनो, गुजराती पालक मुकाट्याने "कायम" म्हणून हात वर करायला शिकले. वर्गात निम्मी मुलं आपली. "ख्रिश्चनांच्या देशात ख्रिश्चन शाळा, आणि बाकावर बसलेत जोशी आणि पटेल. यात अल्पसंख्याक कोण?" हा प्रश्न त्यांनी भर सभेत विचारला होता. फादर खूप हसले.

मग एक दिवस खबर आली की मुलं कमी होताहेत म्हणून बिशपचं ऑफिस शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत मिसळायचा विचार करतंय. त्याच वर्षी मान्यता देणारी समिती येणार होती. सरकारची नव्हे, शाळांनीच मिळून नेमलेली. तिचा शेरा चांगला आला तर शाळा वाचणार, नाहीतर संपलं. अण्णा जेवेनात. "ही गेली की मी पुन्हा खिडकीत," एवढंच म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. तपासणी ही त्यांची विद्या होती. शनिवारी मी त्यांना हार्डवेअरच्या दुकानात नेलं तेव्हा मला वाटलं, भिंती रंगवायच्या असतील. दुपारी फादर बाहेर आले तर चर्चच्या आवारातल्या झाडून सगळ्या झाडांच्या बुंध्यांना खाली विटकरी आणि वर पांढरा पट्टा, नगरच्या शाळेला तपासणीच्या आदल्या दिवशी असतो तसा. समोर हातात ब्रश घेऊन पालकांची रांग. "हे काय आहे?" फादरनी विचारलं. "गेरू आणि चुना," अण्णा म्हणाले. "साहेबाला आवारात शिरताच कळलं पाहिजे, इथे शिस्त आहे." "आणि हे कधी जाणार?" "पुढच्या तपासणीआधी पुन्हा लावू."

समिती आली. प्रमुख बाईंना ईशाने कुंकू लावलं. त्या बिचाऱ्या कॅथलिक, वर्षातून एकदा चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेणाऱ्या, त्यामुळे शांतपणे उभ्या राहिल्या. मग अण्णांनी नारळ पुढे केला. "सॉरी, आम्हाला काही घेता येत नाही," बाई म्हणाल्या. अण्णा पांढरेफटक पडले. नगरला ज्या साहेबाने नारळ नाकारला, त्याचा शेरा वाईटच आला होता. निकाल येईपर्यंत ते घरात सुतकात असल्यासारखे वावरले, आणि टेबलावरचा तो नारळ कुणाला हलवू देईनात. सुषमाने चटणीसाठी फोडायचं नाव काढलं तर म्हणाले, "निकाल लागल्याशिवाय नाही."

निकाल लागला. पूर्ण मुदतीची मान्यता. पालकांचा आणि आजी-आजोबांचा शाळेत एवढा सहभाग आम्ही कुठेच पाहिला नाही, असा शेरा होता. फादरनी घरी येऊन तो वाचून दाखवला. अण्णांनी दोनदा वाचायला लावला, मग आत जाऊन तोंड धुऊन आले. नारळाच्या वड्या पुढच्या सभेत वाटल्या, इतिवृत्त कायम झाल्यावर. त्यानंतर दर वर्षी पाऊस संपला की झाडांना ते स्वतः नवा रंग लावायचे. तपासणी नसायची तरीही.

आता मला त्यांचा राग येतो. ते गेल्यापासून घरात कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी चुका काढत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही. गेल्या शुक्रवारी ईशाला सोडायला शाळेत गेलो. फादर बाह्या सरसावून, गुडघे टेकून एका झाडापाशी बसले होते. मंडळाने झाडं रंगवायचा सल्ला दिला होता, आणि या खेपेला त्यांनी प्रार्थनेसाठी वेळ मागितला नव्हता म्हणे. "वर कुठला? तांबडा की पांढरा?" त्यांनी मला विचारलं. मी आयुष्यभराचा अचौकस, मला आठवेना.

"रेड डाउन, व्हाइट अप," ईशा म्हणाली. "अँड नो ड्रिप्स, फादर. आजोबा विल मेक यू डू इट अगेन."

"तपासणी आहे का?" मी विचारलं.

फादरनी झाडाच्या शेंड्याकडे, आणि त्याच्याही वर बघितलं. "आता रोजच आहे," ते म्हणाले, आणि दुसरा ब्रश माझ्यापुढे धरला.