लळ्याला हरकत घेणाऱ्या बाई

“जाणार कधी?” परदेशातून आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला बाईंचा पहिला प्रश्न हा असे. समोरच्याने पाठीवरची सॅकही उतरवलेली नसे. इंग्रजीत सांगताना मी तो जरा मऊ करून सांगायची. बाईंना इंग्रजी चांगलं कळे. म्हणायच्या, “मऊ कशाला करता? तारीख विचारली, जात नव्हे.”

आमच्या संस्थेचं ऑफिस शनिवार पेठेत. पाळणाघर मात्र शहराबाहेर, मांजरी गावात, नव्या सोसायट्यांच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी. ते बाई चालवत. पाहुण्यांची सोय माझ्याकडे. मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, बिनतिखटाचा डबा, यादी तयार असे. पुण्यात आयटी आली तसे हे पाहुणेही वाढले. तुम्हीही पाहिले असतील. मनाने फार चांगले.

त्यातली एक मुलगी तीन आठवडे राहिली. लहानगी छकुली तिच्या कडेवरून उतरेना. मुलगी रडत मायदेशी गेली आणि छकुली दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी बसू लागली. मुलांना सांभाळणारी कमल, स्वतः वस्तीवरचीच, म्हणाली, “बाई, घास घेत न्हाई ती. रस्त्याकडंच बघती.”

बाई जाऊन छकुलीशेजारी जमिनीवर बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, “उद्यापासून पाहुण्यांनी मुलांना कडेवर घ्यायचं नाही, भरवायचं नाही. जे येतं ते कमलला शिकवून जायचं. लळा लावून नाही.”

“अहो, मग येणार कोण? निम्मे तर मुलांबरोबरच्या फोटोंसाठी येतात.”

“मग उरलेले निम्मे येतील.”

तेवढेही आले नाहीत. पाहुण्यांचे गट पाठवणाऱ्यांनी आम्हाला वगळलं, त्यांच्या देणग्या थांबल्या, पाळणाघर बंद पडायची वेळ आली. बाई हलल्या नाहीत. मग एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट आले. पाय अधू असलेल्या एका मुलाचे व्यायाम त्यांनी कमलला शिकवले. ते गेले, व्यायाम चालू राहिले. त्यांच्या ओळखीने तसेच आणखी आले, थोडी मदतही आली आणि पाळणाघर तगलं.

पुढे बाईच मुलांना कडेवर घेईनाशा झाल्या. भरवणं, झोपवणं, सगळं कमलकडे. मला वाटलं, वय झालं. विचारलं, तर म्हणाल्या, “टांझानियात बोलावलंय. पाळणाघर उभं करायला, स्वयंसेवक म्हणून. दोन वर्षं.”

साठी उलटलेली बाई. परदेशातून माणसं येतात, त्यांची सोय करायची, एवढंच मी धरून चालले होते. आपल्यातलं कुणी तिकडे जाईल, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर त्यांनी गाडी मांजरीला वळवायला लावली. फाटकाबाहेरच थांबल्या. आत मुलं जेवायला बसली होती. छकुलीने मान वर करून पाहिलं, बाईंकडे बघून हसली आणि ताटली कमलपुढे सरकवली. “अजून भात.”

तिने घास घेतला तेव्हा बाईंनी फाटकाची कडी बाहेरून हलकेच लावली, आवाज होऊ न देता.