बादलीतले बटाटे आणि अक्काचा उपवास

बटाटा म्हणजे माड नव्हे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. आधी कुणी सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीने केली. अक्का वेळणेश्वरला असते. महाशिवरात्रीला देवदर्शन झालं की तिच्याकडे वीसएक नातेवाइकांची उपवासाची पंगत बसते, आणि त्या पंगतीत बटाट्याची भाजी असते. दोन वर्षांपूर्वी ती भाजी खाताना मी सहज म्हणालो, "बटाटा जरा चिकट निघाला."

"मग पुढच्या वर्षी तू पिकवून आण," अक्का म्हणाली. "पस्तीस वर्षं एसटी डेपोत खुर्ची गरम केलीस. कधी माठाची भाजी तरी लावलीस?"

वीस माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने माझी बायको हसली.

"आणतो," मी म्हणालो. "बाजारातून एक बटाटा आणलास तर याद राख."

"नाय आणत," अक्का म्हणाली. आणि अक्का शब्दाची पक्की. म्हणजे वीस माणसांचा उपवास आता माझ्या हातात!

आमचं घर मिरजोळ्याकडे, कातळावर. अंगणात पहार मारली तर जांभ्याचा चिराच निघतो. त्यामुळे गच्चीवर रंगाच्या आठ रिकाम्या बादल्या मांडल्या. मोबाईलवर एक गोरागोमटा इसम (नखं इतकी स्वच्छ, की त्याने मातीला कधी हात लावला असेल असं वाटेना) सांगत होता, "बादलीला भोकं पाडा, अर्धी माती भरा, कोंब आलेले तुकडे लावा, रोप वाढेल तशी वर माती चढवा. थोडं सेंद्रिय खत घाला." बस्स. कसलं खत, किती खत, चकार शब्द नाही. पुढे जे झालं त्यात निम्मा दोष त्याचा आहे.

माझ्या वडिलांनी अकरा माड वाढवले ते मासळी आणि मिठावर. त्याहून सेंद्रिय काय असतं? शेजारच्या युसूफभाईंची स्वतःची होडी आहे. त्यांच्याकडून टोपलीभर बारीक मासळी मागून आणली.

"माडाला घालताय काय, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. बटाट्याला म्हटलं असतं तर अर्धा तास गेला असता.

प्रत्येक बादलीच्या तळाला मासळीचा थर, वर मूठभर मीठ, वर माती. आठवी बादली भरताना डोक्यात आलं, की अरे, हे बटाटे उपवासाचे! मी जरा थांबलो. मग विचार केला, शिवरात्रीपर्यंत मासळीची माती होईल आणि मातीला कुठे उपवास असतो? बायकोला मात्र काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत दोन बादल्या गेल्या. मीठ बटाट्याला सोसत नाही म्हणे. (हेही आता सांगतात.) बाकीच्या सहा मात्र अशा तरारल्या की मी बायकोला रोज संध्याकाळी हात धरून दाखवायला नेऊ लागलो.

"अहो, कसला वास येतोय?" ती म्हणाली.

"बटाट्याच्या पानांना असतो तसा."

मग मांजरं आली. आधी एक, मग तीन, मग मी मोजायचं सोडलं. बादल्या उकरायची, रोपं आडवी करायची, आणि मी काठी घेऊन गेलो की माझ्याकडे अशी बघायची, जणू गच्ची त्यांच्या नावावर आहे. मला संताप आवरेना. बायकोसमोर कुणाला तरी बोल लावायलाच हवा होता. मी तिच्या देखत दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी जाऊन ओरडलो, "युसूफभाई, तुम्ही मासळी सुकवता आणि मांजरं आमच्याकडे येतात!"

ते शांतपणे म्हणाले, "आठ दिवस होडीच काढली नाय मी. वास तुमच्या गच्चीवरनं येतो. माड काय गच्चीवर लावलात?"

मी घाईघाईने विषय बदलला आणि मांजरांसाठी काहीतरी उपाय विचारला. भला माणूस. त्याने आपलं जुनं जाळं दिलं. ते मी सगळ्या बादल्यांवर अंथरलं. जाळ्याला वीस वर्षांच्या मासळीचा वास होता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतलीही मांजरं आली. शेवटचे दोन महिने मी गच्चीवर खुर्ची टाकून बसून काढले. डेपोतही इतकी ड्यूटी केली नव्हती.

पानं पिवळी पडल्यावर बादल्या उपड्या केल्या. चार किलो बटाटे! मी ते तीन पाण्यांतून धुतले आणि एकेक नाकाला लावून पाहिला. कसलाही वास नव्हता.

"अहो, बटाटे हुंगताय काय?" बायको म्हणाली.

"पारखतोय."

शिवरात्रीला अक्काकडे पोचलो. भाजी झाली, पानं मांडली, वीस माणसं बसली. अक्का वाढता वाढता थांबली. "बटाटा छान निघालाय हो, बाळ्या," ती म्हणाली. एकसष्ट वर्षांत तिने केलेलं हे माझं पहिलं कौतुक. मला भरून आलं.

तेवढ्यात मागच्या दाराने अक्काची मांजर आत आली आणि बरोबर माझ्यासमोर बसली. भाजीकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली. एकटक.

"माडाला घालतात तेवढीच मासळी घातली होती," मी ओरडलो, "आणि तीसुद्धा तळाला!"

मांजर उठली, माझ्या पाठीमागे ठेवलेल्या बशीपाशी गेली आणि दूध पिऊ लागली. तिची दुधाची वेळ झाली होती, एवढंच.

"कसली मासळी?" अक्काने विचारलं.

"म्हणजे तो पानांचा वास..." बायको म्हणाली.

वीस हात पानांवरून मागे गेले. घरात बाजारातला एकही बटाटा नव्हता, कारण तशी ताकीद मीच दिली होती. शेवटी अक्काने परसातली रताळी खणून काढली. ती उकडेपर्यंत वीस उपाशी माणसं माझ्याकडे बघत बसली होती.

माझ्या पानात रताळं टाकताना अक्का हळूच म्हणाली, "मेल्या, गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"देवाला कळलं असतं."

"त्याला कधीच कळलं होतं. तो काही बोलला नव्हता."

आता पुन्हा शिवरात्र जवळ आली आहे. परवा अक्काचा फोन आला. "यंदा बादल्यांत काय लावलंस?"

मी त्याच वेळी गच्चीवर उभा होतो. खोटं बोलायचं मी आता सोडलं आहे.

"मांजरं," मी म्हणालो. "एका बादलीत चार पिल्लं निघाली. खत मानवलं."