समोरचे मास्तर आणि दक्षिणेची खुंटी

रशियातल्या कुठल्या माणसाचा गुडघा कधी दुखतो हे ज्याला ठाऊक आहे, आणि समोरच्या घरातल्या माणसाचं नाव ज्याला ठाऊक नाही, असा माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या समोर राहायचा. आमच्या बोरीच्या शाळेत हे मास्तर विज्ञान शिकवायचे. मूळचे लातूरकडचे, एकटेच. कोणी लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "बघू, आधी माळवदावरची काठी सरळ होऊ द्या." ती काठी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. त्यांना वायरलेसचा नाद होता. घरात बसून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा सरकारी परवाना होता त्यांच्याकडे. इतरांच्या घरी जिथे देवाधर्माच्या तसबिरी लावतात तिथे त्यांनी तो परवाना काचेत बसवून लावला होता. सकाळी त्याच्यावरची धूळ पुसल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत.

वरच्या आळीत त्यांच्या एरियलच्या काठ्यांना कोणी जागा देईना, म्हणून ते आमच्या बौद्ध वस्तीच्या कडेला भाड्याने राहायला आले. आल्याबरोबर त्यांनी माळवदावर बांबूला बांबू जोडून, त्याच्यावर लोखंडी नळी चढवून एवढी उंच काठी उभी केली की पहिले काही दिवस आम्ही त्या बाजूला पोरांना खेळू देत नव्हतो. काठी पडू नये म्हणून तिला चारी बाजूंनी ताणाच्या तारा होत्या. एक तार चिंचेला, एक पिठाच्या गिरणीच्या खांबाला, एक शाळेच्या कुंपणाला आणि एक आमच्या अंगणात म्हशीच्या खुंटीला. मास्तर माणसांना त्या तारांवरून ओळखायचे. गिरणीवाली बाई म्हणजे ‘पूर्ववाल्या’, आणि माझे मालक म्हणजे ‘दक्षिणवाले’. वारा सुटला की माळवदावरून हाक यायची, "दक्षिणवाले, जरा ताण बघा!" आणि मालक हातातलं काम टाकून तार ओढायला जायचे. एकदा आमच्या म्हशीने गोमाशीच्या त्रासाने खुंटीला हिसका दिला. मास्तर अनवाणी धावत आले आणि खूप दुःखी आवाजात म्हणाले, "तुमच्या म्हशीनं आत्ता सोव्हिएत देश तोडला." त्या दिवशी मालकांनी म्हशीसाठी वेगळी खुंटी ठोकली. पहिली खुंटी मास्तरांची झाली.

नियमाचे तर ते इतके कडक होते की बघणाऱ्याला धाप लागावी. परवानेवाल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, सोयरिकी-व्यापाराचं बोलायचं नाही, सांकेतिक भाषेत तर मुळीच नाही. शाळेचे हेडमास्तर एकदा आले होते. परभणीच्या साडूला मुलीच्या स्थळाबद्दल एकच शब्द विचारायचा होता. मास्तरांनी बोलायचं यंत्र पोटाशी धरलं, लेकरू ओढून नेतील असं. हेडमास्तर चिडून गेले. पुढे वर्षभर मास्तरांना शेवटचा तास मिळत राहिला, पण त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

जिंतूरच्या बाजूच्या टेकडीवर त्यांनी एक पेटी बसवली होती. रिपीटर म्हणायचे तिला. परभणीत जनावरांचे एक डॉक्टर होते, त्यांनाही हाच नाद. दोघांनी मिळून ती केली होती. मास्तर मालकांना समजावून सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तेवढं कळलं. लहान यंत्राचा आवाज इथून परभणीला पोचत नाही, मग उंचावरची पेटी तो झेलते आणि पुढे फेकते. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "म्हंजी आपली गिरणीवालीच की वो." मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "नाही. पेटी पदरचं काही घालत नाही. जेवढं ऐकलं तेवढंच, जसंच्या तसं." या गोष्टीचं त्यांना फार कौतुक होतं. तिची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून ते टेकडीवर न्यायचे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं इतक्या सावकाश.

मी मात्र त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. परक्या माणसासमोर माझा आवाजच निघत नाही. जे काही सांगायचं ते जाऊबाई सांगायची.

ती नामांतराच्या वादाची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून आमची माणसं मोर्चे काढायची आणि गावोगाव वातावरण तापायचं. कालपर्यंत एका बांधावर बसून भाकरी खाणारी माणसं एकमेकांना बघून वाट बदलायला लागली. अशा दिवसांत ती उंच काठी सगळ्यांच्या डोळ्यांत आली. वरची आळी म्हणायची, मास्तर आमच्या माणसांना बातम्या पुरवतात. आमच्यातले काही म्हणायचे, मास्तर पोलिसांसाठी आमचं बोलणं ऐकतात. मास्तरांना आमची नावंसुद्धा माहीत नव्हती, ते काय कोणाची चुगली करणार! शेवटी जमादार आले. म्हणाले, "मास्तर, थोडे दिवस यंत्र झाकून ठेवा. काही वेडंवाकडं कानावर आलं तर परवाना गेला म्हणून समजा." मास्तरांनी यंत्रावर पांढरं फडकं टाकलं आणि रोज संध्याकाळी त्या फडक्यासमोर हात मांडीवर ठेवून बसायला लागले. बघवत नव्हतं.

त्याच दिवसांत एका सकाळी मालक म्हणाले, मोटारीचा फुटवाल आणायला परभणीला जातो. विहिरीवरची मोटार त्या झडपेवाचून बंद होती हे खरं होतं. पण पिशवीत निळा रुमाल ठेवताना मी त्यांना बघितलं होतं. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीला ते आले नाहीत. गाडीच्या कंडक्टरने दारातूनच सांगितलं, परभणीत गडबड झाली, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, माणसं पांगली, कोण कुठे गेलं पत्ता नाही. ती शेवटची गाडी. त्यानंतर रस्ता बंद झाला. पोस्टातला फोनही मुका. दीर कामासाठी नाशिककडे गेलेले. आमच्या वस्तीची दारं आतून लागली. घरात मी, जाऊबाई आणि माझी रांगती मुलगी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी उंबऱ्यात बसून समोरच्या काठीकडे बघत होते. मग उठले. आमच्या दोन घरांमधला रस्ता हातभर, पण मी तो कधी एकटीने ओलांडला नव्हता. त्यांच्या दारात उभी राहिले आणि माझा मलाच अनोळखी वाटावा अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, आमचे आले न्हाईत."

मास्तर फडक्यासमोरच बसले होते. "दक्षिणवाले?"

"हां. परभणीला गेलेत."

काचेतल्या परवान्याकडे त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, हेडमास्तरांना परत पाठवलं तसं मलाही पाठवतील, आणि पाठवलं तर मी परत जाऊन कशी बसू. मग त्यांनी फडकं काढलं, नीट चौघडी करून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "जीव धोक्यात असेल तर बोलता येतं. नियमात आहे." ते खरंच नियमात होतं की त्यांनी पदरचं घातलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तेवढ्यात जाऊबाई मुलीला कडेवर घेऊन माझ्या मागे आलीच. मास्तर म्हणाले, रस्ता बंद असल्यामुळे टेकडीवरची बॅटरी बदललेली नाही, ती कधीही बसेल, म्हणून थोडक्यात बोलायचं. त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. खरखर, खरखर, आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा परभणीच्या डॉक्टरांचा आवाज आला. मास्तरांनी हकिगत सांगितली, माझ्याकडून घेऊन आडनाव सांगितलं. तिकडून आवाज आला, "या आडनावाचे पुष्कळ असतील दवाखान्यात. नाव सांगा. लवकर, तुमचा आवाज बुडतोय. ओव्हर."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग माझ्याकडे वळले. इतकी वर्षं हाका मारून ज्यांच्याकडून तार ओढून घेतली त्यांचं नाव काय, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. "नाव काय त्यांचं?"

मी बोलायला गेले. नाव घशापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. लग्न झाल्यापासून ते नाव मी नुसतं कधी उच्चारलंच नव्हतं. मी जाऊबाईकडे बघितलं. तिने कानाला हात लावले. "मी कशी घेऊ? माझे भासरे हायत ते." थोरल्या दिराचं नाव धाकटी जाऊ घेत नाही. यंत्रातली खरखर वाढत होती. मास्तरांचं बोट कळीवर होतं. माझा माणूस जिवंत आहे का हे एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. मग जाऊबाईच म्हणाली, "बाई, उखाण्यात घे. घे की!"

आणि मी डोळे मिटून घेतला.

"येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी, सुदामराव माझे राजे, मी त्यांची राणी."

पेटी पदरचं काही घालत नाही आणि काही गाळतही नाही. मास्तरांनी कळ दाबली आणि शाळेत व्याख्या सांगतात त्या आवाजात एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी. सुदामराव माझे राजे. मी त्यांची राणी. ओव्हर."

मग डॉक्टर म्हणाले, "बोरी, तुमची तब्येत बरी आहे ना? ओव्हर."

"बरी आहे," मास्तर म्हणाले. "नाव सुदामराव. बाकीचं त्यांच्या घरच्यांचं आहे. ओव्हर."

डॉक्टर म्हणाले, शोधायला निघतो, दिवेलागणीच्या आधी बोलतो. मास्तरांनी आम्हाला बजावलं की तोवर गप्प राहायचं, बोललं की बॅटरी खर्च होते. आम्ही दोघी घरात बोललो तर टेकडीवरच्या बॅटरीला काय होणार, पण तेव्हा ते सुचलं नाही. सगळी दुपार आम्ही भिंतीला टेकून श्वाससुद्धा जपून घेत बसलो. मास्तरांनी चहा केला, त्यात साखर घालायची विसरले. आम्ही तो तसाच प्यायलो. मुलगी तेवढी अधूनमधून ओरडायची आणि मास्तर तिच्याकडे विनवणीने बघायचे.

उन्हं उतरताना वारा सुटला. आणि नेमका तेव्हाच आवाज आला, तुटक. "बोरी... बोरी... दवाखान्यात..." पुढे नुसती खरखर. वाऱ्याने काठी कलली होती. मास्तर ओरडले, "दक्षिण ताण! दक्षिणवाल्या बाई, ताण ओढा!" मी धावले. रस्ता कधी ओलांडला कळलं नाही. अंगणातल्या खुंटीवरची तार दोन्ही हातांना पदर गुंडाळून धरली आणि पाय रोवून मागे झुकले. काठी हळूहळू सरळ झाली. आता आत आवाज येत होता, पण तो मला ऐकू येत नव्हता. तार सोडली तर आवाज जाणार, धरली तर मला कळणार नाही. त्या काठीच्या टोकाकडे बघत मी उभी राहिले. एवढा वेळ आयुष्यात कशालाच लागला नाही.

मग समोरच्या खिडकीत जाऊबाई आली. "बाई, हायत! सापडले! डोक्याला टाके पडलेत, पर बोलायलेत. वरून निळा रुमाल बांधलाय म्हणे." परत आत वळून ऐकलं, परत बाहेर आली. "फुटवाल घेतलाय म्हणून सांगायलेत." आणि मग जरा थांबून, "तुझी लय याद काढायलेत." हे शेवटचं डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते तिच्या पदरचं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तार सोडून खुंटीपाशी बसले आणि रडले. थोड्याच वेळात टेकडीवरची बॅटरी बसली ती बसलीच.

रस्ता उघडल्यावर मालक आले. डोक्याला रुमाल, पिशवीत फुटवाल. त्यांनी विहिरीवर जाऊन मोटार चालू केली.

त्यांच्या मागोमाग जमादारही आले. येलदरीच्या धरणात काय होणार आहे, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. त्या दिवशीचं बोलणं कोणीतरी ऐकलं होतं आणि वरपर्यंत चौकशी गेली होती. मास्तर ताठ उभे राहिले आणि सगळा उखाणा जसाच्या तसा म्हणून दाखवला, राणीसकट. जमादारांनी मास्तरांकडे बघितलं, दाराआडच्या माझ्याकडे बघितलं, टोपी घातली आणि जाता जाता म्हणाले, "मास्तर, लग्न करून टाका." परवाना राहिला.

त्या दिवसापासून मास्तरांना माझ्या मालकांचं नाव आलं, पण आलं ते उखाण्यासकट. सुटं त्यांना आठवायचंच नाही. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत, भाजीच्या ढिगापलीकडून मास्तर हाक मारायचे, "येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी... सुदामराव!" लोक माना वळवून बघायचे. मालक लाजून लाल व्हायचे आणि मी पदर तोंडावर घेऊन पुढे चालायला लागायची. वरच्या आळीतली माणसंसुद्धा हसायची. त्या दिवसांत दोन्हीकडची माणसं एका गोष्टीला हसताना मी तेवढ्यापुरतीच बघितली.

पुढे मास्तरांची बदली झाली. नामांतर झालं, गावात फोनचे बूथ निघाले, टेकडीवरच्या पेटीचं काय झालं कोणाला माहीत नाही. जाताना त्यांनी काठ्या उतरवल्या, तारा गुंडाळल्या, पण आमच्या अंगणातली खुंटी काढली नाही. कपडे वाळत घालायला दोरी बांधा म्हणाले. ती अजून तिथेच आहे.

मालक गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मास्तर आले. कोणाकडून कळलं विचारलं नाही. केस सगळे पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. अंगणात येऊन आधी त्यांनी खुंटीला हात लावला, हलते का बघितलं. मग ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर नाव आठवायला जावं तसे म्हणाले, "येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी..." आणि थांबले. पुढे त्यांना जाता येईना.

तेव्हा मी म्हणाले, "सुदामराव." नुसतंच. पुढे-मागे काही नाही.

मास्तरांनी हळूच मान हलवली, पलीकडचा आवाज नीट पोचला की हलवायचे तशी.