अक्षदाचं 'कशावरून'

अक्षदा पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीतली. म्हशी राखणाऱ्या हैबतीची पोरगी महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते म्हटल्यावर वाडी गप्प बसते होय? "कीर्तन करणार काय गो?" बाया विचारायच्या. खरं तर इतिहासाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून हे गळ्यात पडलं. पण बया रमली की! आणि शिकली काय, तर एक शब्द. कशावरून?

आई तुळजाबाई म्हणाली, "कावळा वरडतोय, पावनं येनार," की हिचं "कशावरून?" एकदा कशेडी घाटापलीकडचं स्थळ आलं. मुलाची आई म्हणाली, पोरगा कसला म्हणून नाद करत नाय. हिनं तिला तोंडावर विचारलं, "कशावरून?" मंडळी चहा टाकून उठली ती थेट घाटापलीकडं. हैबतीनं कपाळ धरलं. शेजारच्या ओटीवर काका रायबा पोट धरून हसला. पोरगी नुसतं 'होय' कधी म्हणतच नाय, याचं त्याला कोण कौतुक!

मग एका पावसाळ्यात वरच्या माळाला भेग पडली. झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं. तलाठी सांगून गेला, खाली शाळेत जाऊन राहा. वरच्या आळीत घरं दोनच, या दोघा भावांची. दुभत्या म्हशी टाकून जायचं कसं? भावांनी देवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. राहायचं तर उजवी दे, जायचं तर डावी.

उजवी पडली.

घरी आल्यावर अक्षदानं विचारलं, "बा, डावी पडली असती तर गेला असतास?"

हैबतीनं भिजलेली टोपी खुंटीला टांगली. "नाय," तो म्हणाला. "परत लावला असता."

"मग देवीला कशाला इचारलंस? तू तुझंच ऐकतोयस."

मग ती रायबाकडं वळली. "आनि काका, तुमी?"

"मी गेलो असतो," रायबा म्हणाला. आणि तो गेलाच असता. मागं एकदा कौल डावा आला म्हणून त्यानं पसंत करून आणलेला बैल परत नेऊन दिला होता. सगळी वाडी हसली होती.

कौल देवीचा नव्हे, आपलाच, हे पटून हैबतीनं गोधडी गुंडाळली. तुळजाबाईनं भांडी बांधली. रायबाची बायको धोंडूबाई दासगावला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, तो एकटाच होता. अक्षदा त्याच्यापुढं उभी राहिली. "काका, चला ना. डोंगर खाली येईल."

रायबानं डोळे बारीक केले. मिशीत हसला. "कशावरून गो?"

आपलंच नाणं परत हातात आलं की! कॉलेजात बाईंनी शिकवलेलं, ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणू नये. आणि भेग कशानं पडली, डोंगर येणार की नाय, तिला खरंच ठाऊक नव्हतं. खोटं बोलली असती तर? देवी सपनात आली म्हणाली असती तर?

"ठाव नाय, काका," ती म्हणाली.

"मंग? जा तू. मी म्हशींपाशी हाय."

दुसऱ्या दिवशी धार काढायच्या वेळेला डोंगर आला. रायबा सापडला तेव्हा दावं हातातच होतं. दोन म्हशी त्यानं सोडल्या होत्या, तिसरीची गाठ सुटायची होती.

धोंडूबाई दासगावहून आली ती शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. लोक म्हणत होते, हैबतीला देवीनं वाचवलं. हैबती कुणाकडं बघत नव्हता. धोंडूबाईनं अक्षदाचा हात धरला.

"तू शिकलेली हायस गो. सांग मला. देवीच्या मनातच व्हतं ना? कुनी कायपन केलं असतं, तरी ते तसंच जानार व्हते ना?"

अक्षदाचे ओठ हलले. हैबतीनं मान वर केली. लेकीच्या तोंडातून तोच नेहमीचा शब्द येणार, असं त्याला वाटलं.

"होय, काकी," ती म्हणाली.