आबांच्या हेडफोनचा चौथरा

गुरुवार, ८ फेब्रुवारी १९७९. सकाळी दहा. भोसरीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, बाहेरची खोली.

हजर: माझे सासरे आबा, माझे यजमान, आबांच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा, बुवांचे जावई आणि मी. पखवाज धरला तर सहा. तो धरायलाच हवा, कारण सगळे जमले होते ते त्याच्यासाठी.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. मी एका वर्कशॉपच्या स्टोअर्समध्ये काम करते. काय आत आलं, काय बाहेर गेलं, ते दिवसभर लिहायचं आणि घरी आल्यावर एकदम थांबायचं, हे मला जमलेलं नाही. ज्या पानावर ही हजेरी आहे त्याच्या डोक्यावर ‘हेडफोन’ असं लिहिलंय. खाली चौदा कामं आहेत. तेरा कामांपुढे टिक आहे.

आधी पखवाजाचं सांगते. तो मंडळाचा. पण जो वाजवतो त्याच्या घरी तो राहतो, अशी चाकणजवळच्या त्या गावातली रीत. आबांच्या वडिलांच्या वेळेपासून तो आमच्याकडे आहे. आबांनी गाव सोडून फोर्जिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं लोखंड ठोकणाऱ्या यांत्रिक घणावर काम केलं, तरी दर एकादशीला भजनाला जाऊन वाजवून यायचे. घण त्यांच्या उजव्या हाताला असायचा. निवृत्त होईपर्यंत उजवा कान पार गेला होता. डावा निम्मा उरला होता.

मग देवळात ताल सुटायला लागला. कुणी तोंडावर बोललं नाही, पण एका एकादशीला आबा घरी आले, पखवाजाला खोळ घातली आणि तो खुंटीला लावला. त्यानंतर दोन वर्षं खोळ निघाली नाही. डिसेंबरात बुवांचा निरोप आला, की चैत्रात सप्ताह आहे, त्याआधी फेब्रुवारीतल्या एखाद्या गुरुवारी येऊन पखवाज घेऊन जाऊ. आबा म्हणाले, “न्या की.” आणि त्या संध्याकाळी तीनऐवजी एक भाकरी खाल्ली. भाकऱ्या मी करते, म्हणून मला आकडा माहीत.

आमचे हे मेंटेनन्समध्ये फिटर. पुढच्याच सुट्टीला ते बुधवार पेठेत गेले आणि सुट्या भागांतून जुळवलेला रेकॉर्ड प्लेअर, पखवाजाच्या साथीची भजनांची एक रेकॉर्ड आणि टोपलीएवढा मोठा हेडफोन घेऊन आले. स्पीकरच्या पेट्या आणल्या नाहीत. “पेट्या लागतात कशाला? आवाज थेट कानात. आबांनी रेकॉर्डबरोबर महिनाभर हात बसवायचा. ताल जमला तर पखवाज कोण नेतोय?” योजना चांगली होती. मी लगेच नवीन पान काढलं.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आमच्या भिंतीला भिंत लावून पत्र्याच्या वॉशर काढणारं वर्कशॉप आहे. तिथली प्रेस एकदा आपटली की आमच्या फडताळातल्या कपबशा वाजतात. रेकॉर्डची सुई तर उडीच मारायची. गाणारा पहिल्या कडव्यातून थेट तिसऱ्यात. सुईच्या डोक्यावर पाच पैशाचं नाणं ठेवून पाहिलं. मग सुई नाण्यासकट उडी मारायला लागली.

“खाली जाड गादी घालू या का?” मी विचारलं.

“गादीवर मशीन बसवतं का कुणी?”

“अहो, ही मशीन नाही.”

“फिरते ना? मग मशीनच.”

आणि त्यांनी कंपनीत लेथला घालतात तसं रेकॉर्ड प्लेअरला फाउंडेशन घातलं. प्रेसच्या भिंतीपासून सगळ्यात लांबचा कोपरा निवडला, दोन शहाबादी फरश्या उचकटल्या, दीड फूट खणलं, तळाला वाळू, वर काँक्रीट, चार बाजूंना चार बोल्ट. चौथरा गुडघ्याच्या खालपर्यंत वर आला. त्यावर आठ दिवस ओलं पोतं. शेजारच्या वहिनी येऊन म्हणाल्या, “घरात कुठला देव बसवताय?” मी सांगितलं, रेकॉर्ड बसवतोय. त्यांना ते पटलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर हळदीकुंकू दिसलं.

बोल्टवर फळी, फळीखाली रबराचे तुकडे, आणि मग स्पिरिट लेव्हल. तो बुडबुडा मध्यावर येईपर्यंत यांना जेवण सुचलं नाही. सुई उडायची थांबली, हे मान्य करायला हवं. पण काँक्रीटमध्ये बसवलेली वस्तू सरकवता येत नाही. तेव्हा बाकीचं घर सरकवायचं काम माझ्याकडे आलं.

हेडफोनची वायर साडेचार फूट. आबांची खाट पलीकडच्या भिंतीला. खाट आणली तर दार उघडेना. खुर्ची ठेवली तर पखवाज मांडीवर बसेना. शेवटी पाट. पाटाच्या चार कोपऱ्यांशी खडूने खुणा केल्या, म्हणजे रोज त्याच जागी पडेल. वायर पायात येऊ नये म्हणून भिंतीत दोन खिळे. आवाजाच्या बटणावर आबांना पुरेल तिथे नेलपॉलिशचा ठिपका. चष्म्याच्या काडीमुळे कानावर फट राहून आवाज बाहेर जात होता, म्हणून भजनापुरता चष्मा काढायचा. टोपीचा प्रश्न अवघड होता. हेडफोनची पट्टी टोपीवरून घातली की घसरायची, आणि बोडक्या डोक्याने आबा भजनाला बसणार नाहीत. पट्टी मानेमागून घातली. टोपी राहिली, कान झाकले गेले. इथवर अकरा टिका झाल्या होत्या.

हेडफोनच्या एका वाटीवर L आणि दुसरीवर R असं कोरलेलं होतं. रोज सकाळी कामावर जाताना आमचे हे ती अक्षरं तपासायचे. R उजव्यावर आहे ना, एवढं बघूनच चप्पल घालायचे.

आठ दिवसांनी आबांनी मला विचारलं, “सूनबाई, ह्या रेकॉर्डमदी पखवाज हाय का?”

“आहे की. ऐकू येत नाही?”

“गाणारा लई सुरेख येतोय. पेटी येतीय. पखवाज न्हाई.”

आम्ही दोघांनी हेडफोन लावून पाहिला. पखवाज स्वच्छ वाजत होता. यांनी आवाज ठिपक्याच्या पुढे नेला, रेकॉर्ड पुसली, सुई बदलली. आबांनी पुन्हा ऐकलं. गाणारा आणखी मोठ्याने आला. पखवाज नाहीच. आबा हेडफोन काढून म्हणाले, “मग माज्याच कानातनं गेला म्हनायचा. ऱ्हाऊ दे.” तरी रोज पाटावर बसायचे, नुसतं भजन ऐकायला. पखवाज खुंटीवरच होता. मी यादीत पुढे काही लिहिलं नाही.

तर, तो गुरुवार. आमच्या भागाची सुट्टी, म्हणून प्रेस बंद. यांना त्याचंच वाईट वाटत होतं. “चालू असती तर बुवांना दाखवलं असतं, सुई जागची हलत नाही ते.”

बुवा आले. आबांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, दोघं एकाच आळीत वाढलेले. मागून जावई, तिशीचा, कांद्याची शेती करणारा, पखवाज न्यायला चादर घेऊन आलेला. बुवांनी पहिल्यांदा चौथरा पाहिला.

“ह्ये काय बांधलंय?”

“हेडफोनचं फाउंडेशन,” हे म्हणाले.

“वरच्या घराला तरी हाय का एवढं?”

चहा झाला. आबांनी स्वतः उठून पखवाज काढला, खोळीवरची धूळ झटकली आणि बुवांच्या पुढे ठेवला. हात मात्र त्यावरून उचलला नाही.

“जावयाला लग्नात घड्याळ दिलंस,” आबा म्हणाले, “आता पखवाज. पुढल्या साली देऊळ देऊन टाक.”

“म्या मागितला न्हाई, आबा,” जावई म्हणाला. “मामाच म्हनत्यात शिक. माजी बोटं कांदा निवडायची.”

“गप ऱ्हा,” बुवा म्हणाले. मग विषय बदलायला की काय, त्यांनी खिळ्यावरचा हेडफोन हातात घेतला. “ह्यात काय ऐकतोस रं दिवसभर?”

“भजन. बस, ऐकवतो.”

हेडफोन एकच. आबांना तो सोडायचा नव्हता आणि बुवांना दुसऱ्याने ऐकून झाल्यावर ऐकायचं नव्हतं. आबांचा उजवा कान तसाही रिकामाच, म्हणून त्या बाजूची वाटी बाहेर फिरवून बुवांनी तिला आपला कान लावला. दोन म्हातारे पाटाच्या दोन टोकांवर, गालाला गाल, टोपीला टोपी. यांनी सुई टेकवली.

थोड्या वेळाने बुवा म्हणाले, “हात चांगला हाय. पन गाणारा कुटं हाय?”

“कसला हात?” आबा म्हणाले. “गाणाराच हाय नुसता.”

“येडा का काय. नुसता पखवाज वाजतोय. गाणारा हाय तो कुटं तरी लांब, विहिरीत बसल्यावानी.”

“पखवाज? तुज्याकडं पखवाज हाय?”

मी ओट्याशी होते. स्टोअर्समध्ये दोन कप्प्यांतला माल बदलला गेला की जे होतं तेच इथे झालं होतं, हे माझ्या ध्यानात आलं. ही स्टीरिओ रेकॉर्ड होती. गाणारा आणि पेटी डाव्या वाटीत भरलेली, पखवाज उजव्या वाटीत. आमचे दोन्ही कान धड, म्हणून आम्हाला सगळं एकत्र मिळायचं. आबांना रोज पखवाज मिळत होता तो नेमका त्या कानात, जो घणाने नेला होता.

“आबा, हेडफोन उलटा घाला,” मी म्हणाले.

“उलटा कसा?” हे म्हणाले. “R लिहिलंय ना त्यावर.”

“असू दे.”

“अगं, मार्किंग असतं ते. मार्किंग असतं तसंच बसवायचं असतं.”

“आबांच्या कानावर मार्किंग नाहीये.”

आबा आमच्या वादासाठी थांबले नव्हते. त्यांनी तोवर हेडफोन फिरवून घातला होता. मग डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “सूनबाई, कनीक हाय का?”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा लावल्याशिवाय त्यातून घुमारा निघत नाही. माझ्या यादीत तो नव्हता, मी आशाच सोडली होती. पण सकाळच्या पोळ्यांची कणीक परातीत होती. एक मूठभर गोळा दिला. आबांनी तो थापला, हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून उजव्या बाजूचा सूर चढवला आणि म्हणाले, “लाव रं पुन्हा.”

आता पंचाईत अशी, की आबा वाजवणार ते आम्हाला ऐकू येणार, पण कशाबरोबर वाजवतायत ते त्यांच्याशिवाय कुणालाच ऐकू येणार नाही. ताल जुळला की सुटला, हे सांगायचं कुणी? बुवांनीच सोडवलं. त्यांनी पुन्हा आबांच्या उजव्या बाजूला गाल लावला. आता तिकडच्या वाटीत गाणारा होता. एका कानाने गाणारा, दुसऱ्या मोकळ्या कानाने आबांचा पखवाज. याहून चांगली तपासणी आमच्या कंपनीतही झाली नसती.

आबा वाजवायला लागले. खोलीत गाणं नाही, पेटी नाही, नुसता पखवाज, आणि त्याला चिकटून डोळे मिटलेले बुवा. जावई चादर मांडीवर घेऊन बघत होता. दोन वर्षांत बोटं जड झाली होती, पहिलं भजन चाचपडत गेलं. दुसऱ्या भजनात एका जागी आबांची थाप आणि बुवांची मान एकदम खाली आली. पुढच्या आवर्तनात पुन्हा. हे माझ्याकडे बघून पुटपुटले, “फाउंडेशन पक्कं आहे.” मी लक्ष दिलं नाही.

रेकॉर्ड संपली. बुवांनी कान चोळला.

“ताल हाय,” ते म्हणाले. “पन गड्या, देवळात ही वायर कुटं लावायची?”

आबांनी पखवाजावरचे हात काढून घेतले. बुवांचं चुकलं नव्हतं. मी वही घेतली आणि आत्ताच कामी आलेला, उजव्या-डाव्या कानाचा विचार पुढे नेला.

“बुवा, देवळात आबा कुठं बसतात?”

“खांबाला लागून. डाव्या हाताला खांब, उजव्या हाताला सगळी मंडळी.”

“म्हणजे चांगला कान खांबाकडे आणि बंद कान भजनाकडे.”

मग जावई म्हणाला, “मामा, दुसऱ्या खांबाला बसवा की त्यास्नी. समोरच्या.”

“माज्या आजापासनं पखवाज त्याच खांबाला हाय.”

“तुमच्या आजाच्या कानाशी घण नव्हता,” जावई म्हणाला आणि चादरीची घडी घातली.

बुवांनी चौथऱ्याकडे पाहिलं. “ह्या मानसानं रेकॉर्डीसाठी घराची फरशी फोडली,” ते म्हणाले, “आपुन खांब बदलायला काय हरकत हाय? ह्या सप्त्यापुरतं बघू. चुकलास तर येतो न्यायला.”

“चादर ठिवून जा मग,” आबा म्हणाले. “पुन्हा आनायचा तरास नको.”

सप्ताहाला मी रजा काढून गेले होते. पहिल्या दिवशी आबा दोनदा पुढे पळाले, बुवांनी वीणेवरून नजर टाकली. दुसऱ्या दिवसापासून मला काही टिपून घ्यावं लागलं नाही. पखवाज आमच्याच घरी परत आला. त्यालाही आता तीन वर्षं झाली. आबा अजून समोरच्याच खांबाला बसतात आणि संध्याकाळी तीन भाकऱ्या खातात. चादर आम्ही वापरतो.

रेकॉर्ड प्लेअर त्याच उन्हाळ्यात फळीवर गेला, कारण प्रेसवाले भोसरीतल्याच मोठ्या शेडमध्ये गेले. चौथरा मोकळा झाला. दर दिवाळीच्या झाडलोटीला हे म्हणतात, “येत्या गुरुवारी फोडतो.” पण त्यावर आबांचा पखवाज असतो. आबा म्हणतात, घरात सपाट जागा ती एकच, आणि लेव्हल लावून पाहिली तर ते खरं निघतं.

क्रमांक चौदा. चौथरा फोडणे, दोन शहाबादी फरश्या परत बसवणे. जबाबदारी: हे. फरश्या मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. टिक नाही.